बस हरली की काढायची, पूल हरला की वाढवायचा

पुण्यातल्या नगर रस्त्यावरची बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, टप्प्याटप्प्याने उखडली गेली, तेव्हापासून वडगाव शेरी, विमाननगर, खराडी भागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: बीआरटी हा पुणेकरांच्या माथी मारलेला फसलेला प्रयोग होता. बस रिकाम्या धावतात, पीएमपी (पुणे आणि पिंपरी-चिंचवडची सार्वजनिक बससेवा) हा पांढरा हत्ती आहे आणि पुणेकर काही दुचाकी सोडणार नाही. तेव्हा बसची जागा गाड्यांना द्या, रस्ते रुंद करा, चौकाचौकांत उड्डाणपूल बांधा, परदेशात असंच करतात. शिवाय आता मेट्रो आली, मग बस हवीच कशाला?

निरोप पुढे ढकलणाऱ्यांचा वैताग खोटा नाही. संध्याकाळी सातला शास्त्रीनगर चौकात अडकलेल्या माणसाला कुणीही शहाणपण शिकवू नये. पण वैताग खरा असला म्हणून त्यावरचा उतारा खरा ठरत नाही.

आधी बीआरटी फसली या दाव्याकडे येऊ, कारण त्यात अर्धं सत्य आहे. 2006 च्या डिसेंबरात सातारा आणि सोलापूर रस्त्यांवर देशातला पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला, आणि तो घाईत, अर्धवट बांधणीवर सुरू झाला. रस्त्याच्या मधोमध बसथांबे, पण तिथवर पोहोचायला माणसाला गाड्यांच्या लोंढ्यातून जीव मुठीत धरून जावं लागायचं. बसच्या लेनमध्ये दुचाकी घुसायच्या, त्यांना अडवायला कुणी नसायचं. नगर रस्त्यावरची बीआरटी 2016 ची, बांधणीत बरीच सुधारलेली. पण पुढे त्याच रस्त्यावर मेट्रोचं काम आलं, लेनचे तुकडे पडले, आणि तुकड्यातुकड्यांची लेन ही बसच्या कामाची नसते. बस थोडी मोकळी धावते, मग चौकात गर्दीत शिरते आणि मिळवलेला वेळ तिथेच घालवून बसते.

म्हणजे फसली ती बांधणी आणि राखण. याचा पुरावा बघायला लांब जायला नको. मुळा ओलांडली की पिंपरी-चिंचवडमध्ये तीच पीएमपी, त्याच बस, तेच चालक. तिथे सांगवी-किवळे आणि दापोडी-निगडी मार्गांवर बीआरटी चालते. तिकडचे रस्ते मुळातच ऐसपैस आहेत, हे मान्य. पण मग वाक्य असं होतं की अरुंद रस्त्यावर बीआरटी अवघड जाते. पुणेकरांना बस चालत नाही, असं त्यातून निघत नाही.

बसची लेन गाड्यांना दिली की रस्ता मोकळा होतो, हे ऐकायला पटतं, आकडेमोडीत पटत नाही. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका लेनमधून तासाला साधारण सातशे ते नऊशे मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरा. हजार ते साडेतेराशे माणसं झाली. त्याच लेनमधून मिनिटाला एक बस, बसमध्ये पन्नास जण, असं धरलं तर तासाला तीन हजार. पुण्यात लेनभर मोटारी नसतात, दुचाकी जास्त असतात आणि त्या जागा कमी खातात, म्हणून पहिला आकडा वाढेल. तरी तीन हजार गाठणं कठीण. अट एकच: बस मिनिटाला खरंच यायला हवी.

आणि ती येत नाही. इथे निरोपातल्या ‘रिकाम्या बस’कडे वळू. दुपारी तीनला डेपोकडे परतणाऱ्या बसचा फोटो काढला तर ती रिकामी दिसणारच. त्याच वेळी फक्त चालक बसलेल्या मोटारीचा फोटो मात्र कुणी काढत नाही. पीएमपीने रोज दहा लाखांच्या आसपास प्रवासी जातात. धावणाऱ्या बस दोन हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे एका बसमागे दिवसाला सुमारे पाचशे माणसं. मोठ्या शहरांसाठी लाख लोकसंख्येमागे चाळीस ते साठ बस असाव्यात, असा सर्वसाधारण निकष आहे. दोन्ही शहरांची लोकसंख्या सत्तर लाख धरली तर 2,800 ते 4,200 बस हव्यात. निम्म्या-पाऊण बसवर शहर चालवायचं, थांब्यावर माणूस चाळीस मिनिटं उभा ठेवायचा, आणि त्याने कंटाळून हप्त्यावर स्कूटर घेतली की म्हणायचं, बघा, पुणेकर दुचाकी सोडत नाही! बसने जाणारे बहुतेक जण या ग्रुपवर नाहीतही. त्या ग्रुपवाल्यांच्या घरी सकाळी पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी मात्र बसनेच येतात.

पीएमपीच्या तोट्याचं तर विचारूच नका. संचलनातली तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीस प्रमाणात भरून काढतात, म्हणून ती ताळेबंदात दिसते. उड्डाणपूल एक रुपया कमावत नाही, पण त्याला तोट्यातला पूल म्हटल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. तो ‘विकास’ असतो. जून 2025 मध्ये पीएमपीचं किमान तिकीट पाचाचं दहा रुपये झालं, दिवसाचा पास चाळीसवरून सत्तरवर आणि महिन्याचा नऊशेवरून दीड हजारावर गेला. याच शहरात 2018 साली महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, आधी मोजक्या रस्त्यांपुरतं उरवलं आणि मग तेही गुंडाळून ठेवलं. बहुतेक सार्वजनिक रस्त्यांवर दिवसभर मोटार फुकट उभी करता येते. तिच्याशेजारून जाणाऱ्या बसमधल्या माणसाने मात्र दुप्पट तिकीट काढायचं. पांढरा हत्ती नेमका कोणता, हे ग्रुपवर एकदा ठरवायला हरकत नाही.

आता उड्डाणपुलांचा उपाय. गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकात कोंडी फोडायला पूल बांधला होता. कोंडी पुढच्या चौकात सरकली, काही वर्षांत परत आलीही. मग हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची आखणी झाली, तेव्हा तो पूलच आडवा आला आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये जमीनदोस्त झाला. जेमतेम दीड दशकाचं आयुष्य. पुलांवर विश्वास ठेवणारं शहर यावर काय म्हणालं? आता दुमजली पूल बांधू. शिवाय खालचा रस्ता 45 मीटरपर्यंत रुंद करायचा म्हणून झाडांवर आलेलं संकट वेगळंच.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. बससेवा दहा वर्षांत जमली नाही तर तिला मूठमाती मिळते. पूल पाडावा लागला तरी निष्कर्ष निघतो की तो पुरेसा मोठा नव्हता. दोन्हींना एकच फूटपट्टी लावा, मग निकाल काय लागायचा तो लागू दे.

‘परदेशात असंच करतात’ यातलं परदेश कुठलं? अमेरिकेतल्या ह्यूस्टनने केटी फ्रीवे 2008 मध्ये सव्वीस लेनपर्यंत (बाजूचे सेवारस्ते धरून) रुंद केला. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. रस्ता रुंद झाला की लोक लांब राहायला जातात, पूर्वी टाळलेल्या फेऱ्या मारतात, आणि वाढलेली जागा भरते. दुसरं परदेश म्हणजे सोल. तिथे शहराच्या पोटातून जाणारा चोंग्येचॉन उन्नत मार्ग 2003 पासून पाडला, खालचा ओढा मोकळा केला, आणि 2004 च्या जुलैत सगळी बसव्यवस्था नव्याने मांडली: मार्गांची फेररचना, बस आणि भुयारी रेल्वेला मिळून एकच भाडेपद्धत, आणि रस्त्याच्या मधोमध बसच्या लेन. होय, मधोमध! आपण ज्या उखडल्या त्याच. सुरुवातीचे दिवस तिथेही गोंधळाचे गेले, लोक चिडले, पण त्यांनी लेन काढल्या नाहीत, व्यवस्था नीट केली.

रुग्णवाहिका अडकते, हा एक मुद्दा निरोपाच्या शेवटी हमखास जोडलेला असतो. मोकळी बसलेन हीच रुग्णवाहिकेला मिळणारी सगळ्यात सरळ वाट असते. गाड्यांनी भरलेल्या चौथ्या लेनमध्ये तिने कितीही सायरन वाजवला तरी काय उपयोग?

मेट्रोबद्दल थोडक्यात. वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या दोन मार्गांवर मेट्रो उत्तम धावते. पण रामवाडीला उतरलेल्या माणसाला पुढे वाघोलीला जायचं असतं, आणि मधलं अंतर मेट्रो कापत नाही. वेळेवर येणारी बस नसेल तर तो घरून मेट्रो स्थानकापर्यंत दुचाकी काढेल. आणि एकदा काढलेली दुचाकी तो स्थानकाशी लावून ठेवण्याऐवजी सरळ कचेरीपर्यंत नेईल.

नगर रस्त्यावर आता शिरूरपर्यंत उन्नत मार्गाची योजना आहे. रांजणगावच्या मालमोटारींना आणि बाहेरगावच्या गाड्यांना तिचा उपयोग होईल, नाही असं नाही. पण त्या मार्गावरून वेगाने आलेल्या गाड्या शहराच्या बाजूला कुठेतरी खाली उतरणार, आणि तिथून येरवड्याकडे याच रस्त्याने जाणार. त्यांच्यासाठी पुढची लेन कुठून काढायची, याचा हिशोब त्या निरोपात नाही. बसची होती ती तर काढून झाली.