चावडीवरच्या पाटीतला माणूस शोधताना : नाव जुळलं म्हणजे माणूस सापडला असं नाही

सातारा, रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत जुन्या चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांतले इतके कामी आले. बस, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. मग पंधरा ऑगस्टच्या आधी कुणीतरी मोबाईलवर शोधतो, गावातल्या आडनावाचा एक शिपाई सापडतो आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो. तो शिपाई याच गावचा कशावरून, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. भावना खरी असते, पण हार दुसऱ्याच गावच्या माणसाला पडतो आणि आपला तसाच बेवारस राहतो.

सुरुवात पाटीपासूनच करा. दर दिवाळीला चुना आणि निवडणुकीच्या आधी ऑइलपेंट बसून आकडे बुजलेले असतात. नंतर कुणी अंदाजाने रंगवले तर ३ चा ८ होतो. चाकूने, तारेच्या ब्रशने खरवडू नका, ॲसिड तर अजिबात नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश पाडा आणि फोटो काढा, कोरलेली रेघ सावलीने उठून दिसते. पाटीवर १९१८ ऐवजी १९१९ का, हा प्रश्न हमखास येतो. लढाई नोव्हेंबर १९१८ ला थांबली, पण तहावर सह्या जून १९१९ मध्ये झाल्या.

आता नाव. मुख्य साधन म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) वेबसाइट. शोध फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ते ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ असा काळ धरतात. या काळात नोकरीत असताना मेलेला माणूस गोळीने मेला की तापाने, हे ते बघत नाहीत. इन्फ्लुएन्झाने गेलेलाही यादीत येतो. नाव कापून, म्हणजे नोकरीतून कमी करून, घरी पाठवल्यावर मेला असेल तर मात्र मरण नोकरीमुळेच आलं हे कागदाने दाखवावं लागतं.

तिथे बहुतेकांची पहिली चूक होते ती अशी, की पहिल्या नावाच्या चौकटीत गणपत आणि आडनावाच्या चौकटीत जाधव टाकतात. हिंदुस्थानी शिपायांचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्याच चौकटीत भरलेलं असतं. शिवाय साहेबाच्या कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. जाधवचा जादव, जाधो, जादू होतो, शिंदेचा सिंदे होतो, 'व' हे अक्षर कधी व्हीने तर कधी डब्ल्यूने. म्हणून नावाच्या मागे न लागता आधी गाळणी लावा : सैन्य हिंदुस्थानी, युद्ध पहिलं, पलटण अमुक. मग 'अधिक माहिती' या रकान्यात तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं नाव घाला. बापाचं नाव आणि गाव असेल तर ते तिथेच मिळतं. आलेली यादी डाउनलोड होते. ती एक्सेलमध्ये उघडून ओळ न ओळ मोठ्याने वाचा. डोळ्याला न कळलेलं नाव कानाला कळतं.

पलटण ओळखायला घरातलं बोलणं कामाला येतं. आजोबा 'मराठा लाइट इन्फन्ट्री'त होते असं सगळेच सांगतात, पण १९१४ ला अशी एकच रेजिमेंट नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा वेगवेगळ्या पलटणी होत्या. १९२२ मध्ये त्यांची पाचवी मराठा रेजिमेंट झाली. १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी. घरात 'जंगी पलटण' हा शब्द टिकला असेल तर १०३ कडे बघा, 'काळी पांचवी' असेल तर १०५ कडे. बिल्ला नंबर मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका, कारण तेव्हा नंबर पलटणीपुरता असायचा. एकच नंबर १०३ मध्येही सापडेल आणि ११७ मध्येही. पलटणीशिवाय नंबरला काडीची किंमत नाही.

आणि गावातून गेलेले सगळे मराठा पलटणीतच गेले, हे आधी डोक्यातून काढा. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी इंजिनिअर) होते, ज्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये न्यूव शापेलला कापल्या गेल्या. १९१७ ला उभी राहिलेली १११ महार पलटण होती. खेचरवाले, भिस्ती, लांगरी (स्वयंपाकी), मजूर होते. कोकणातले खलाशी तर पायदळाच्या यादीत मिळणारच नाहीत, त्यांच्यासाठी मुंबईच्या खलाशी स्मारकाच्या नोंदी बघाव्या लागतात. पाटीवरच्या आकड्यात हे सगळे धरलेले असू शकतात. आपण फक्त आपल्या भावकीची आडनावं शोधतो आणि मग आकडा जुळत नाही म्हणून पाटीलाच खोटं ठरवतो.

मराठा पलटणींतले बहुतेक लोक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी तिथल्या कुत या गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. ज्यांची कबर नाही त्यांची नोंद बसरा स्मारकावर, तिथे ४०,००० हून जास्त जणांची नोंद आहे. पण १९२९ ला ते स्मारक उघडलं तेव्हा गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्यांतल्या फक्त जमादार-सुभेदारांची कोरली, आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा टाकला. गावात आकडा, बसऱ्यातही आकडा. कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव झाल्याचं अहवालात मान्य केलं. म्हणून बसरा स्मारकाच्या फोटोत आजोबांचं नाव शोधू नका, ते फक्त नोंदवहीत आणि वेबसाइटवर आहे. स्मारकही मूळ जागी नाही, १९९७ मध्ये ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बसवलं.

तारखेवरून लढाई कळते. २२ नोव्हेंबर १९१५ च्या आसपासची तारीख आणि पलटण ११७ असेल तर टेसिफॉन. ११४ आणि ऑक्टोबर १९१८ ची अखेर असेल तर शरकत. कुतला कैद झालेल्यांच्या तारखांवर मात्र फार विसंबू नका. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्या वाटचालीत कोण कधी पडला हे नेहमी कुणी डोळ्यांनी पाहून लिहिलेलं नाही. पलटणींच्या युद्धरोजनिश्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, पण त्यांत शिपायांची नावं क्वचितच. 'तीन ठार, अकरा जखमी' या थाटाचीच नोंद असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गावांच्या नावात. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं (आता सांगलीत) आणि दुसरं खानापूर बेळगावकडे. तासगाव, वाळवा, शिराळा सगळं तेव्हा साताऱ्यात, कारण सांगलीकडचा वेगळा जिल्हा १९४९ ला झाला. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, रायगड तेव्हा कुलाबा. फलटण, औंध, भोर, सावंतवाडी ही संस्थानं, त्यामुळे तिथल्या माणसापुढे जिल्हा न लिहिता संस्थानाचं नाव असू शकतं. वडगाव, पिंपरी यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. बुद्रुक आणि खुर्द साहेबाने गाळलेलं असतं. पाटण-जावळीतली काही गावं कोयनेच्या पाण्याखाली गेली आणि त्यांतली माणसं कुठल्या कुठे वसली, त्यामुळे वारस आज भलत्याच तालुक्यात सापडतात.

म्हणून आमचा नियम असा : बापाचं नाव, गाव तालुक्यासकट, आणि पलटण. तिन्ही जुळल्याशिवाय माणूस ठरवायचा नाही. बापाचं नाव ताडायला तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक बघा. जन्ममृत्यूच्या या नोंदी मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. परदेशात मेलेल्याचा मृत्यू त्यात बहुतेक नसतोच, पण जन्म आणि बाप मिळू शकतो. जमीन असेल तर मृत्यूनंतर वारसाचा फेरफार झालेला असतो, त्याची तारीख कमिशनच्या तारखेच्या नंतरची हवी. हेळव्यांच्या (घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्यांच्या) वह्या, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या नामावळ्या यांनी वंशावळ पक्की होते. पंजाबच्या लोकांचं नशीब, लाहोरच्या म्युझियममध्ये जिल्हावार रजिस्टरं टिकली आणि सुमारे ३,२०,००० नोंदी संगणकावर आल्या. मुंबई इलाख्यासाठी असं तयार ताट नाही.

घरी पदक असेल तर उत्तमच. चांदीच्या वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर, आणि १९१४-१५ च्या स्टारच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. भिंग घेऊन वाचा. ब्रासो लावून चकचकीत करू नका, कडेची अक्षरं झिजतात. १२० मिलिमीटरची गोल काशाची थाळी असेल तर ती फक्त मेलेल्याच्या घरी यायची, पण तिच्यावर नुसतं नाव असतं, नंबर नाही. जुन्या बाजारातून आणलेलं पदक पुरावा धरू नका.

दुसऱ्या युद्धाचं काम त्या मानाने सोपं. सराव म्हणून नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, ३/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन), १० जुलै १९४४, इटली, यांची नोंद आधी शोधून बघा. माणगावकडचा हा माणूस कॅसिनो स्मारकावर आहे. स्पेलिंगचा अंदाज तिथेच येईल.

तिन्ही गोष्टी जुळल्यावरच नाव लावा, आणि मूळ पाटीला हात लावू नका. शेजारी वेगळी ग्रॅनाइटची पाटी बसवा : हुद्दा, नंबर, नाव, वडिलांचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि नोंद कुठल्या स्मारकावर आहे ते. आकडा सातचा आणि नावं पाचच सापडली असतील तर पाचच कोरा, खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडा.