बिगफूट आणि ३० जीव
व्हिडिओ गेममधल्या अफवांवरच्या लेखातला 'जीटीए: सॅन अँड्रियास' या गेममधल्या बिगफूटचा (जंगलात राहतो म्हणतात त्या केसाळ महामानवाचा) किस्सा वाचून हसू आवरेना. मीही त्या गेममधल्या माउंट चिलियाड डोंगराच्या जंगलात कॅमेरा घेऊन तासन्‌तास भटकलोय. धुक्यात झाड जरी दिसलं तरी छातीत धस्स व्हायचं! २००४ च्या त्या गेममध्ये बिगफूट नव्हताच. पण आमचा तरी काय दोष? 'काँट्रा' या जुन्या गेममध्ये वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए ही बटणं दाबली की खरंच ३० जीव मिळायचे. हे खरं निघाल्यावर मोठ्या मुलांची प्रत्येक थाप आम्ही बिनबोभाट गिळायचो. गेमच्या कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये बसवायच्या डबीत) फुंकर मारणं हीही त्यातलीच. काम व्हायचं ते काढून पुन्हा बसवल्यामुळे, फुंकरीच्या ओलाव्यानं उलट पिना गंजायच्या. सवय मात्र जात नाही, परवा रिमोटच्या सेलवर फुंकर मारली.