रक्तात सापडत नाही, म्हणून आजारच नाही?

‘मानसिक आजार हा सर्वात मोठा घोटाळा’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं: मनाच्या आजाराची रक्ततपासणी नसते, म्हणजे आजारच नसतो; अमेरिकेतले डॉक्टर मतदान करून आजार ठरवतात; सगळा औषध कंपन्यांचा खेळ; आपल्या आजी-आजोबांना कुठे होतं डिप्रेशन; तेव्हा गोळ्या आजच बंद करा. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण हे आत्याकडून आलं आणि खाली तिने विचारलं होतं, ‘मग आपण त्याला उगाच लिथियम देतोय का रे?’ तो म्हणजे तिचा मुलगा. बायपोलर आहे, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य असा आजार आहे; औषध घेतो आणि नीट नोकरी करतो.

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात. लिथियम एकाएकी सोडलं की पुढच्या काही महिन्यांत उन्मादाचा झटका परत येण्याचा धोका खूप वाढतो आणि आत्महत्येचाही. औषध कमी करायची वेळ येतच नाही असं नाही, पण डॉक्टर ते हळूहळू, लक्ष ठेवून उतरवतात. ‘आजच बंद करा’ लिहिणारा महाभाग रात्री तीन वाजता आत्याकडे धावून येणार आहे का? आणि रक्ताचं म्हणाल, तर लिथियम घेणाऱ्याचं रक्त नियमित तपासतात: औषधाची पातळी जास्त झाली तर विषबाधा होते म्हणून, शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉइडवर नजर हवी म्हणून.

निदान रक्तावरून होत नाही, हे खरं. अर्धशिशीचंही होत नाही. ज्याला होते त्याला सांगून बघा की तुझं डोकं दुखतच नाही. नैराश्याचं निदान म्हणजे ‘आज मूड नाही’ नव्हे. ठरलेल्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, तीही कमीत कमी दोन आठवडे, जवळजवळ रोज. त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. आणि त्यापायी माणसाला मोठा त्रास होत असला किंवा कामधंदा, घर, नाती विस्कटली असली पाहिजेत. शिवाय थायरॉइड, दारू, इतर औषधं यांमुळे हे होत नाहीये ना, तेही बघायचं.

हे निकष आकाशातून पडले नाहीत. 1960च्या दशकात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं) निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त व्हायचं. संशोधकांनी दोन्हीकडच्या रुग्णांच्या मुलाखती एकाच पद्धतीने घेतल्या, तेव्हा तो फरक बराचसा विरला. रुग्ण वेगळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. त्यानंतर निकष घट्ट करायचं काम लागलं आणि 1980च्या, मानसिक आजारांच्या अमेरिकी नियमावलीत ते लेखी आले.

मतदानाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायचा निर्णय अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने (तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने) 1973मध्ये घेतला आणि 1974मध्ये त्यावर सभासदांचं मतदान झालं. 58 टक्के लोक निर्णयाच्या बाजूने होते. मुळात ती यादीत होती हीच लाजिरवाणी गोष्ट. पण मतांच्या आधी पुरावा होता: 1957मध्ये मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी दाखवलं होतं की मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल पाहून तज्ज्ञांनाही समलैंगिक पुरुष कोण ते ओळखता येत नाही. समाजाला खटकणं म्हणजे आजार नव्हे, हा धडा त्यातलाच. आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 3 तेच सांगतं: समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कल्पनांत बसत नाही, एवढ्यावरून कुणाला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. फॉरवर्डवाल्यांनी एवढं एक कलम वाचलं असतं तरी पुरलं असतं.

कंपन्यांचा खेळ? त्या नफा बघतात, नवीन काय सांगितलं? पण लिथियम हे साधं क्षार आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादावर त्याचा उपयोग 1949मध्ये दाखवला. त्या क्षारावर पेटंट मिळत नाही, त्यात कुणाला कसली लूट करायची?

राहिले आजी-आजोबा. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901चं आहे. ते कुणासाठी बांधलं होतं?