रणगाडा उन्हावर चालणार नाही, चौकी मात्र चालू शकते

गेल्या काही आठवड्यांपासून नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. लष्कराच्या ट्रकांवर आणि रणगाड्यांवर सौर पॅनेल बसवले की त्यांना डिझेल लागणारच नाही, विदर्भासारख्या कडक उन्हात तर ते अधिकच जोमाने चालतील, शत्रूला त्यांचा सुगावा लागणार नाही आणि लडाखच्या चौक्यांवर इंधन पोचवण्याचा प्रश्नही मिटेल, असे त्यात म्हटले आहे. कामठीच्या छावणीकडे जाणारे लष्करी ट्रक नेहमी पाहणाऱ्या शहरात असा संदेश आपुलकीने पुढे पाठवला जातो, हे मी समजू शकतो. मी घरांच्या छतांवर सौर यंत्रणा बसवण्याचे काम करतो. सौर ऊर्जेवर माझा विश्वास आहे आणि म्हणूनच तिच्या नावावर खपवलेले चुकीचे गणित मला जास्त खुपते.

पहिला दावा वाहन चालवण्याचा आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट इतके ऊन पडते आणि चांगले पॅनेल त्यातला साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. फिरता बुरूज, तोफ आणि आत उतरण्याची झाकणे वगळून रणगाड्यावर १० चौरस मीटर पॅनेल मावले, असे सढळ हाताने धरले तरी हाती येतात २ किलोवॉट. टी-९० रणगाड्याच्या इंजिनाची ताकद १,००० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७३५ किलोवॉट आहे. दिवसभराचा हिशेब केला तरी चित्र पालटत नाही. आपल्याकडे चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी ५ युनिटांच्या आसपास ऊन मिळते, त्यातून त्या पॅनेलवर १० युनिट वीज तयार होईल. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि इंजिन त्यातला तिसरा हिस्सा कामी लावते असे मानले, तर पॅनेलची अख्ख्या दिवसाची कमाई ३ लिटर डिझेलएवढी भरते. संदेशात दाखला दिलेली ऑस्ट्रेलियातली डार्विन ते ॲडलेड ही सुमारे ३,००० किलोमीटरची सौर मोटारींची शर्यत खरीच होते, पण तिथली मोटार दोनशे किलोच्या आसपास वजनाची असते आणि गुळगुळीत डांबरी रस्त्यावर धावते; टी-९० चे वजन ४६ टनांहून अधिक आहे.

मग वीज तळावर साठवून बॅटरीत भरावी, असे कोणी म्हणेल. १,००० लिटर डिझेलमधून इंजिनाला जेवढे काम मिळते, तेवढ्यासाठी आजच्या लिथियम बॅटऱ्यांचे वजन वीस टनांच्या वर जाते, आणि ती रोज एकदा भरायची तर एका रणगाड्यामागे जवळपास एक एकर पॅनेल अंथरावे लागतील.

दुसरा दावा उन्हाच्या कडकपणाचा. हा गैरसमज मला माझ्या ग्राहकांकडूनही नेहमी ऐकायला मिळतो. पॅनेल प्रकाशावर चालते, उष्णतेवर नाही. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. नवतपात नागपूरचा पारा ४५ वर असताना छतावरचे पॅनेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सुमारे १५ टक्के वीज उष्णतेतच जाते. थंड, निरभ्र लडाखमध्ये तेच पॅनेल अधिक चांगले काम करते. तिथली अडचण बॅटरीची आहे, कारण शून्याखालच्या तापमानात नेहमीची लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडू शकते. तिला आधी ऊब द्यावी लागते.

सुगावा न लागण्याच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. उभ्या वाहनाचे इंजिन बंद ठेवून रेडिओ आणि दुर्बिणी बॅटरीवर चालवता आल्या तर आवाज आणि उष्णता दोन्ही घटतात, आणि हा अवधी वाढवायला घडीचे पॅनेल उपयोगी पडते. मात्र काचेची चमक दुरून दिसते आणि ती झाकायला वर जाळी टाकली की वीज घटते.

चौक्यांबद्दल संदेशाचा सूर योग्य आहे, फक्त डिझेल पूर्ण संपेल हे खरे नाही. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या सांगिन भागात अमेरिकी मरीन दलाच्या एका कंपनीने पॅनेल आणि बॅटऱ्यांवर रेडिओ, संगणक आणि दिवे चालवले होते. त्यातला एक संच सतत ३०० वॉट देणारा होता. आपल्याकडे लडाखच्या चुशूलमध्ये सैन्यासाठी एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने २०० किलोवॉटचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्यात उन्हाची वीज हायड्रोजनच्या रूपात साठवून रात्री आणि हिवाळ्यात वापरायची आहे. तिथल्या हिवाळ्यात बरेचसे इंधन बुखारीत, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीत, ऊब मिळवण्यासाठी जळते. त्यासाठी उन्हाची वीज करून पुन्हा तिची उष्णता करणे हा आडवळणाचा मार्ग आहे. उन्हाची उष्णता थेट साठवणे कितीतरी फायद्याचे. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये सैनिकांसाठी तयार केलेला तंबू याच तत्त्वावर आहे. त्यात दहाजण राहू शकतात, आणि त्याचा प्रत्येक सुटा भाग ३० किलोच्या आत असल्याने तो जवानांना पाठीवर घेऊन चढता येतो.