‘सवय होईल’ हे उत्तर नाही

गेल्या महिन्यात खालच्या उजव्या दाढेवर कॅप बसवली. एका दिवसात मिळते ती. दाढेतलं जुनं चांदीचं फिलिंग एका बाजूने तुटलं होतं. सकाळी १० ला खुर्चीत बसले आणि दुपारी दीडला पैसे भरून बाहेर पडले. माप घ्यायला तोंडात मसाला भरला नाही, आठवडाभर तात्पुरती कॅप सांभाळावी लागली नाही. तोंडात छोटा कॅमेरा फिरवला, स्क्रीनवर दाढ उभी राहिली आणि आतल्या खोलीतल्या मशीनने सिरॅमिकच्या जांभळट ठोकळ्यातून कॅप कोरून काढली. ती भट्टीत साधारण ८५० अंशांवर भाजली की दाताचा रंग येतो. हे तंत्र झुरिकच्या विद्यापीठात जन्मलं, पहिल्या रुग्णाच्या दातावर १९८५ मध्ये वापरलं गेलं. मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. माझी तक्रार मशीनबद्दल नाहीच.

रात्री भूल उतरली. भाकरीचा पहिला घास चावला आणि कळ थेट कानापर्यंत गेली. बाकीचे दात टेकायच्या आधी ही एकटीच टेकत होती. तिसऱ्या दिवशी मेथीची भाजी खाल्ली, तर कॅप आणि पुढच्या दाढेच्या मधे काडी अशी रुतली की हिरडीतून रक्त आलं. डेंटल फ्लॉसचा दोरा दोन दातांमधून जाताना थोडा अडतो, मग ‘टक्’ करून खाली उतरतो. इथे तो नुसता सरकन् गेला. म्हणजे तिथे फट होती.

फोन केला. उत्तर आलं, “नवीन आहे ना ताई, पंधरा दिवसांत सवय होईल.”

मी १२ दिवस थांबले. डावीकडूनच जेवले. सकाळी उठलं की जबडा दुखायचा, गार पाणी नकोसं झालं.

मला हे ठामपणे सांगायचंय, की उंच कॅपची सवय करून घ्यायची नसते. भाकरीच्या पिठातली बारीक कचसुद्धा आपल्या दातांना कळते. तेच दात ‘काहीतरी मधे येतंय’ म्हणून सांगत असतील, तर पेशंटचं ऐकायला हवं. आणि हे काम किती मोठं? दात कुठे जास्त टेकतो ते दाखवणारा निळा कागद चावायचा, कॅपवर जिथे गडद डाग उमटेल तिथे किंचित घासायचं, मग नीट पॉलिश करायचं. पॉलिश टाळू देऊ नका, खरखरीत राहिलेली कॅप समोरचा दात झिजवते.

फटीचं मात्र तसं नाही. उंची घासून कमी होते, फट घासून भरत नाही. हिरडीजवळच्या कडेचंही तेच. स्कॅन करताना तिथे रक्त किंवा लाळ असेल तर कॅमेऱ्याला कड दिसत नाही. मग कॅप तिथे दाताला नीट चिकटून बसत नाही आणि आतून पुन्हा कीड लागायला वाट होते. त्यात पक्क्या सिमेंटने चिकटवलेली कॅप सहसा अख्खी निघत नाही, कापूनच काढावी लागते. म्हणून जे बघायचं ते चिकटवायच्या आधी. माझ्या प्रकारची कॅप तर भाजायच्या आधी, जांभळी असतानाच, दातावर घालून बघता येते. दोन्ही बाजूंनी दोरा घालून बघा म्हणावं. तोंड बधिर असताना, दोन तास आ करून आडवं पडल्यावर “कसं वाटतंय?” याला आपण काय उत्तर देणार? मी “ठीक आहे” म्हणाले होते. जबडाच जाणवत नव्हता.

शेवटी आमच्या जुन्या डेंटिस्टकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, फट बोटाने दाखवली. तो घेऊन पहिल्या क्लिनिकमध्ये गेले. आवाज चढवला नाही, फक्त म्हटलं, “उंची आज कमी करा, आणि फटीचं काय करणार ते सांगा.” उंची दहा मिनिटांत कमी झाली, दोन दिवसांत चावताना दुखायचं थांबलं. फटीसाठी नवीन कॅप करून देणार आहेत, वेगळे पैसे न घेता. एवढ्यासाठी १२ दिवस मी गप्प का बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

येत्या गुरुवारी जुनी कॅप कापून नवी बसवायचीय. चिकटवायच्या आधी खुर्ची सरळ करून बसवा आणि दोरा माझ्यासमोर घाला, असं सांगून ठेवलंय. शुक्रवार सकाळची वेळही घेतलीय, भूल पूर्ण उतरल्यावर निळा कागद पुन्हा चावून बघायला.