खुलासा: ‘ब्लडी’ आणि मेरीमातेची शपथ

इंग्रजीतला ‘ब्लडी’ हा ‘बाय अवर लेडी’, म्हणजे मेरीमातेच्या शपथेचा अपभ्रंश आहे, असा मजकूर फिरतोय. गोष्ट झकास आहे, पण पटणारी नाही.

ती शपथ खरोखर होती. शेक्सपिअरच्या नाटकांत ती ‘बायर लेडी’ अशी आखडून येते, पण सुटा उद्गार म्हणून. ‘ब्लडी’ मात्र 17व्या शतकापासून विशेषणाला जोर देतो, आपल्या ‘भयंकर’सारखा. ‘भयंकर गोड’मध्ये कुठे भय असतं? 1711 साली लेखक जोनाथन स्विफ्टने पत्रात उन्हाला ‘ब्लडी हॉट’ म्हटलंय, आणि हे गृहस्थ चर्चचे धर्मोपदेशक! शब्द बदनाम झाला तो पुढे. इतका, की 1914 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘पिग्मॅलियन’च्या नायिकेने तो उच्चारला तेव्हा गहजब झाला.

तेव्हा मूळ ‘ब्लड’, म्हणजे रक्तच. त्याला हा जोर कसा चिकटला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

त्याच मजकुरात ‘गोर’ (gore) या इंग्रजी शब्दाचा अर्थ पहिल्यापासून ‘सांडलेलं रक्त’ असाच होता, असंही ठोकून दिलंय. जुन्या इंग्रजीत ‘गोर’ म्हणजे शेण, घाण. रक्त त्यात 16व्या शतकात आलं.