सर्दीच्या गोळीसोबत डोलो: त्या मेसेजबद्दल खुलासा

गोव्यात डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'सर्दीची गोळी दिवसातून 3 वेळा आणि डोलो 650 4 वेळा घ्या. औषधं वेगळी, त्यामुळे धोका नाही.' हे चूक आहे, आणि काळजी वाटावी इतकं चूक.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, बऱ्याचदा 500 मिलिग्रॅम. डोलो 650 म्हणजेही पॅरासिटामॉलच, एका गोळीत 650 मिलिग्रॅम. हिशेब करा: सर्दीच्या 3 गोळ्यांचे 1500 अधिक डोलोच्या 4 गोळ्यांचे 2600, म्हणजे दिवसाला 4100 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची 24 तासांतली कमाल मर्यादा 4000 मिलिग्रॅम आहे. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू होत असेल, तर ती आणखी खाली येते. जास्त डोसाने यकृत निकामी होऊ शकतं, आणि पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो हेच सगळ्यात फसवं. चुकून जास्त गेलं असेल तर लक्षणांची वाट पाहू नका, पाकीट घेऊन थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या इस्पितळात जा. यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा.

फार्मसीत गोळी घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर फार्मासिस्टला विचारा. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल तर रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लोरफेनिरामिनने (शिंका आणि वाहतं नाक थांबवणाऱ्या औषधाने) झोप येते, तेव्हा स्कूटर नको.

'मुलांना अर्धी द्या' हेही त्या मेसेजमध्ये आहे. अजिबात देऊ नका! फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचं मिश्रण 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023मध्येच बजावलं आहे.